‘त्या देशाची भाषा शिकायचीच कशाला?’ : एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया संतापून लिहिलेली असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुर्की शिकण्यावरचा माझा लेख वाचून तुमच्या मुलीने बारावीनंतर तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकाऱ्याला, तुर्की भाषा आणि संस्कृती शिकायला जायचा हट्ट धरलाय. तिथल्या २०२३च्या भूकंपात आपण ‘ऑपरेशन दोस्त’मधून मदतीला धावलो आणि २०२५च्या मे महिन्यात भारत-पाक संघर्षात ते पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले. आपल्या विद्यापीठांनी तिथले करार थांबवले. मग हे शिकायचंच कशाला? आणि शिकायचंच तर मोबाईलवर सहा महिन्यांत येतं, त्यासाठी चार वर्षं का घालवायची?

तुमचा राग समजतो. त्या मे महिन्यात तिथल्या काही ओळखीच्यांचे मेसेज मलाही वाचवत नव्हते. पण भांडण झालं की समोरचा काय बोलतोय ते जास्त कान देऊन ऐकावं लागतं. तेव्हा आपल्या वाहिन्यांवर तुर्कस्तानवर तासन्‌तास चर्चा झाल्या. तिथले सरकारधार्जिणे पेपर काय लिहितात, विरोधक काय म्हणतात, हे मुळातून वाचून सांगणारं कुणी त्यांत मला तरी दिसलं नाही.

दुसऱ्यांच्या भाषा मुळातून शिकाव्या लागतात, हे तिथल्यांनी कधीच ओळखलं होतं. अंकारा विद्यापीठाची भाषा आणि इतिहास-भूगोलाची विद्याशाखा तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक केमाल अतातुर्क यांच्या हयातीत, १९३६ साली सुरू झाली. तिथे भारतविद्येचा विभाग काढून संस्कृत शिकवायला नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले वाल्टर रुबेन आले. यात भारतप्रेम वगैरे काही नव्हतं. नव्या प्रजासत्ताकाला स्वतःचा इतिहास नव्याने मांडायचा होता, त्यासाठी सुमेरियन, हित्ती, संस्कृत अशा प्राचीन भाषा सगळ्याच हव्या होत्या. १९७४ साली सायप्रसमध्ये सैन्य उतरवणारे पंतप्रधान ब्यूलेंत एजेवित यांनी तरुणपणी टागोरांची ‘गीतांजली’ तुर्कीत आणली होती. (टागोर वाचून माणूस मवाळ होतोच असं नाही, हेही त्यातून कळतं!)

आता मोबाईल. बाजारहाटापुरती तुर्की सहा महिन्यांत येते, मान्य. लिपी रोमन, क्रियापद वाक्याच्या शेवटी, प्रत्यय मागून चिकटणारे. मराठी माणसाला सुरुवातीला फार सोपं वाटतं. खरी गोम पुढे आहे. १९२८ साली कायद्याने अरबी लिपी जाऊन रोमन आली. १९३२ साली भाषामंडळ स्थापन झालं आणि अरबी-फारसी शब्द काढून नवे घडवायचा सपाटा सुरू झाला. परिणाम असा की अतातुर्कांनी १९२७ साली सहा दिवस दिलेलं भाषण आजच्या तुर्की पोरांना मूळ भाषेत झेपत नाही, सोपी करून छापलेली आवृत्ती हातात घ्यावी लागते. आपल्याकडे मोडीचं झालं तसंच, फक्त एका झटक्यात.

विद्यापीठात ही जुनी, अरबी लिपीतली उस्मानी तुर्की शिकवतात. आम्हाला एका कबरीवरच्या दगडाचा फोटो वाचायला दिला होता. बरेचसे स्वर लिहिलेलेच नाहीत. ‘केफ’ हे एकच अक्षर कधी क, कधी ग, कधी अनुनासिक न. शब्द आधीच ठाऊक असेल तरच वाचता येतो. शेजारी बसलेली इस्तंबूलची मुलगी माझ्याइतकीच अडखळत होती. सगळ्यांत भराभर वाचत होता, तुम्हाला आवडणार नाही, पण पेशावरचा मुलगा. उर्दू लिपी त्याच्या हाताखालची होती. हे सगळं मोबाईलवर कोण शिकवणार?

तिकडच्या सरकारची शिष्यवृत्ती म्हणजे प्रचार, असंही तुम्ही लिहिलंय. अर्थातच. आपली आयसीसीआर (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) परदेशी मुलांना पैसे देते ते काय पुण्य कमवायला? पैसे त्यांचे असले तरी मत मुलीचं स्वतःचं राहू शकतं. तुमची लेक इतकी भांडून हट्ट धरते म्हणजे ती सहज कुणाच्या प्रभावाखाली जाईल असं वाटत नाही.

नोकरीचं मात्र खरं सांगते : नुसत्या तुर्कीवर भारतात पोट भरणं कठीण. जोडीला इतिहास, अर्थशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध हवेतच, आणि हे तिच्याशी आत्ताच बोला.

शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुटतात. मिळाली तर आधी वर्षभर फक्त भाषा शिकवतात, मग पदवीचे वर्ग. तोवर तिला रोज अर्धा तास तुर्की बातम्या ऐकू द्या. मालिका नव्हे, बातम्या. जानेवारीपर्यंत कंटाळली तर प्रश्न मिटला. नाही कंटाळली, तर तिचा पासपोर्ट काढायला टाका.