केस कापायचे दोन तास

संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरलं. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान मजुरी ताशी १३.९० युरो, म्हणजे युरो शंभर रुपये धरला तरी जवळजवळ चौदाशे रुपये. आठ तासांचे अकरा हजार. त्याच्या शेजारी भारताचा आकडा होता, दिवसाला १७६ रुपये. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या आतेभावानं लगेच उत्तर टाकलं, "तिकडं नुसता चहा तीनशे रुपयांना. इकडं सगळंच स्वस्त. हिशेब शेवटी सारखाच बसतो." चौघांनी अंगठे दिले. इचलकरंजीत माग चालवणाऱ्या चुलतभावानं संदेश वाचला होता, तसं दिसत होतं. त्यानं काही लिहिलं नाही.

मी २०१४ च्या ऑक्टोबरात वस्त्र अभियांत्रिकी शिकायला पूर्व जर्मनीतल्या केमनिट्झला आलो आणि इथंच राहिलो. या शहराला एके काळी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, आमच्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं म्हणतात. माझे वडील तीस वर्षं मागावर होते. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले, त्यामुळे फोनवर आजही ओरडून बोलावं लागतं. म्हणून हा हिशेब मला नुसत्या अंगठ्यावर सोडवत नाही.

आधी त्या चित्राबद्दल. १७६ हा केंद्रानं २०१७ साली ठरवलेला तळाचा आकडा आहे, तोही राज्यांवर बंधन नसलेला. राज्यांचे दर त्याहून बरेच वर आहेत. २०१९ मध्ये केंद्राच्याच तज्ज्ञ समितीनं तो ३७५ करा असं सांगितलं होतं. आणि इकडचे १३.९० काही सगळे हातात पडत नाहीत. आठवड्याला चाळीस तास काम केलं तर महिन्याला २,४०० युरो होतात. कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून एकट्या माणसाला सतराशेच्या आसपास मिळतात. त्यातून भाडं, हीटिंग. म्युनिकमध्ये यात राहणं फार कठीण आहे, केमनिट्झमध्ये जमतं. म्हणजे आतेभावाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, नुसत्या विनिमय दरानं गुणून काही कळत नाही. पण "स्वस्त" म्हणजे कुणाला स्वस्त, हे त्यानं विचारलंच नाही.

चुलतभावाला बारा तासांच्या पाळीचे सहाशे रुपये पडतात, मीटरवर आणि पिकावर (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा), माग किती वेळ चालला त्यावर कमीजास्त. म्हणजे तासाला पन्नास. आमच्या पेठेतल्या सलूनमध्ये केस कापायला शंभर रुपये लागतात. त्याचे दोन तास. इथं मी ज्या सलूनमध्ये जातो तिथं २८ युरो लागतात, म्हणजे किमान मजुरीवरच्या माणसाचे, कर-विमा कापण्याआधीचे, दोन तास. दोन्हीकडं दोनच!

मग दुधाचं बघा. इथं लिटर एक युरोच्या आसपास आहे, म्हणजे एका तासाला तेरा-चौदा लिटर. तिकडं लिटर साठ रुपये, म्हणजे चुलतभावाच्या तासात पूर्ण लिटरही येत नाही. दहा हजारांचा साधा मोबाईल इथल्या मजुराला सात-आठ तासांत पडतो. तिकडं दोनशे तास, सतरा पाळ्या.

मला यातून जे कळलं ते असं. तिकडं खरोखर स्वस्त आहे ते माणसाचं काम. केस कापणं, धुणीभांडी, रिक्षा, घरपोच डबा, इस्त्री, रंगकाम. त्या कामाचीच मजुरी कमी, म्हणून ते स्वस्त. आतेभावाचा पगार दीड लाख, म्हणजे तासाला नऊशेच्या आसपास. सात मिनिटांच्या पगारात त्याचे केस कापून होतात. त्याला स्वस्ताई दिसते ती चुलतभावासारख्यांच्या मजुरीतून आलेली. चुलतभाऊ स्वतः बाजारात गेला की तेल, डाळ, औषध, गॅस, मुलाचा मोबाईल हे सगळं त्याला त्याच किमतीला मिळतं ज्या किमतीला आतेभावाला मिळतं. कमी मजुरी पुरते कारण देश स्वस्त आहे, असं आपण म्हणतो. मला वाटतं, देश आपल्याला स्वस्त वाटतो कारण मजुरी कमी आहे.

सरासरी पगाराच्या चर्चेतही हेच लपतं. भारतात नियमित पगार मिळवणाऱ्याचा सरासरी पगार सरकारी पाहणीत महिन्याला वीस हजारांच्या आसपास येतो. आतेभाऊ स्वतःला मध्यमवर्गीय म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि त्या सरासरीच्या सातपट कमावतो. जर्मनीत पूर्णवेळ काम करणाऱ्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध उभा असलेला माणूस महिन्याला करपूर्व ४,३०० युरोंच्या आसपास मिळवतो. किमान मजुरीवाला २,४००. त्यामुळे इथला इंजिनिअर घरकामाला बाई ठेवत नाही, शनिवारी स्वतः भिंत रंगवतो. घरच्यांना माझी कीव येते. मला मात्र सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या बाईशी बोलताना कधी मान उंच करावी लागली नाही, तिलाही खाली घालावी लागली नाही, आणि याची किंमत मी रंगाच्या ब्रशनं आनंदानं देतो.

हे इथंही आपोआप झालेलं नाही. २०१४ च्या हिवाळ्यात मी एका कॅफेत भांडी धूत होतो, तासाला सहा युरो. त्या भागात केस कापणाऱ्यांचे करार एके काळी चार युरोंच्याही खाली होते. माझ्याबरोबर साठीकडे झुकलेल्या एक बाई होत्या. पूर्व जर्मनी होती तोवर त्या सूतगिरणीत होत्या, १९९० नंतर गिरण्या बंद पडल्या आणि तेव्हापासून जे मिळेल ते काम. १ जानेवारी २०१५ ला देशात पहिल्यांदा किमान मजुरीचा कायदा लागू झाला, ताशी ८.५० युरो. तोवर नामांकित संस्थांचे अर्थतज्ज्ञ सांगत होते की लाखो नोकऱ्या जातील. तशी लाट आली नाही. थोड्या तासांच्या किरकोळ नोकऱ्या कमी झाल्या, पण एकूण रोजगार वाढत राहिला. केस कापायचे आणि टॅक्सीचे दर मात्र वाढले. जानेवारीच्या शेवटी त्या बाईंनी पगाराची चिठ्ठी दिव्याखाली धरली, तासांवर बोट ठेवून आकडा तोंडानं गुणला आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. आठ पन्नास हा आकडा त्यांना पाठ होता. देशात सगळ्यांना पाठ होता, कारण तो एकच होता.

आमच्याकडं तो पाठ असणं शक्य नाही. उद्योगागणिक वेगळा, परिमंडळागणिक वेगळा, कुशल-अर्धकुशल-अकुशल वेगळा, वर सहामाही विशेष भत्ता. १९४८ च्या कायद्यात दर पाच वर्षांच्या आत फेरविचार करायचा असं लिहिलेलं असताना यंत्रमागाचं किमान वेतन १९८६ नंतर थेट २०१५ साली सुधारलं गेलं. मधल्या त्या काळात माझे वडील मागावर होते. मिरजेला त्यांच्या छातीचा इलाज झाला तेव्हा मालकाकडून घेतलेली उचल तीन वर्षं फिटत होती. पीक आणि मीटरच्या हिशेबात किमान वेतन बसतं की नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

खरं तर आपल्याकडं विचार उथळ झालेला नाही. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं गरजेवर आधारित मजुरीचं माप ठरवलं ते वाचताना मला गहिवरून आलं होतं. कमावत्याच्या चौघांच्या कुटुंबाचं खाणं तीन मोठ्या माणसांइतकं धरायचं, प्रत्येकी रोज २,७०० कॅलरी, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, इंधन-दिव्यासाठी वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी पंचवीस टक्के जोडले. चौघांना ७२ वार! माझ्या वडिलांच्या हातून रोज त्याहून कितीतरी जास्त कापड विणून बाहेर जायचं.

मजुरी वाढवा म्हटलं की गावात पहिला प्रश्न येतो, कारखानदार कुठून देणार? माझ्या मामांचे आठ माग आहेत, तेही खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं कापड मजुरीवर विणून देण्यासाठी. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मामांना पिकावर खर्ची मिळते आणि वीजबिल त्यांचं. रात्रपाळीचा माणूस खाडा करतो तेव्हा मामा स्वतः मागावर उभे राहतात. त्यांच्या एकट्याच्या गळ्यात किमान वेतन अडकवून काही होणार नाही, हे मीही मान्य करतो. पण इथल्या कायद्यात एक कलम आहे. ज्यानं स्वतः पत्करलेलं काम दुसऱ्याकडं दिलं, त्याच्यावरही त्या दुसऱ्याच्या कामगारांच्या किमान मजुरीची जबाबदारी येते. ते आमच्याकडं आलं तर मामांना खर्ची वाढवून मागता येईल, आणि व्यापाऱ्याला हात झटकता येणार नाहीत. शर्टामागे चार-पाच रुपये वाढतील, ते पुण्या-मुंबईत आतेभावानं द्यावेत. माझ्या मते गावातलं भांडण मालक-मजुरांत लावून देण्यापेक्षा ते तिथं न्यायला हवं.

जर्मनीत चोरी होत नाही असं नाही. हॉटेलात खोल्यांच्या मोजणीवर काम देतात आणि तास कमी लिहितात, पार्सल वाटणारे कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडं राबतात. मी भांडी धुतली त्यातली शेवटची वीस मिनिटं कधी धरलीच गेली नाहीत. पण हॉटेल, बांधकाम, सफाई अशा धंद्यांत रोजचे तास लिहून ठेवणं सक्तीचं आहे आणि ती वही बघायला न कळवता सीमाशुल्क खात्याची माणसं येतात. दंड पाच लाख युरोंपर्यंत जाऊ शकतो. २०२५ च्या नोव्हेंबरात आपली नवी वेतन संहिता लागू झाली. तिच्यात सगळ्याच कामगारांना किमान वेतनाचा हक्क आहे, हे मोठं पाऊल आहे. मागाच्या शेडमध्ये तासांची वही कोण बघायला येणार, याकडं माझं लक्ष आहे.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. फक्त केसांचा हिशेब टाकला, आतेभावाची सात मिनिटं आणि चुलतभावाचे दोन तास. आतेभावाचा रात्री फोन आला, आम्ही तासभर बोललो. पटलं असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या सोसायटीतल्या सफाईवाल्या मावशींना कंत्राटदार किती देतो ते विचारतो म्हणाला.

२०२७ पासून इथली किमान मजुरी १४.६० होणार आहे. केस कापणाऱ्या बाईंनी परवाच सांगून ठेवलं, जानेवारीत दर तीस युरोंवर जाईल. मी म्हटलं, चालेल.