फावला वेळ म्हणजे वेगळा धागा नव्हे

आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘जड काम रिक्वेस्ट-आयडल-कॉलबॅकमध्ये टाका, ते बॅकग्राउंडला वेगळ्या थ्रेडवर चालतं, पेज कधीच अडकत नाही.’ रिक्वेस्ट-आयडल-कॉलबॅक म्हणजे ‘फावला वेळ मिळाला की हे फंक्शन चालव’ असं ब्राउझरला सांगायची जावास्क्रिप्टमधली सोय, आणि थ्रेड म्हणजे कामं एकामागून एक चालवणारा धागा. मेसेजमधला वेगळ्या थ्रेडचा भाग साफ चुकीचा आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

हे काम मेन थ्रेडवरच चालतं, म्हणजे पेज रंगवणं आणि टायपिंग-क्लिकना प्रतिसाद देणं जिथे होतं त्याच धाग्यावर. रात्री शेवटची लोकल गेल्यावर रुळांची दुरुस्ती होते ना, तसंच. रूळ तेच. दुरुस्ती लांबली की पहाटेची पहिली गाडी रखडणारच. ब्राउझर एका वेळी जास्तीत जास्त ५० मिलिसेकंदांची सवड देतो आणि किती उरली ते टाइम-रिमेनिंग हे फंक्शन सांगतं. पण सांगतं इतकंच. तुमचं फंक्शन मध्येच थांबवत नाही. मी स्वतः त्यात मोठी जेसन फाइल (मजकुराच्या रूपातला डेटा) एका दमात पार्स करून, म्हणजे वाचून उलगडून बघितली. सर्चमध्ये ‘दादर’ टाइप केलं तर ‘दा’वर कर्सर गोठला, बाकीची अक्षरं नंतर एकदम उमटली.

म्हणून कामाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याआधी उरलेला वेळ बघा, संपला तर पुढच्या कॉलबॅकची नोंद करून बाहेर पडा. तुकडे होत नसतील तर वेब वर्कर ही ब्राउझरची दुसरी सोय वापरा. वेगळा थ्रेड तिथे खरोखर मिळतो. आणि टाइमआउट, म्हणजे ‘जास्तीत जास्त इतकंच थांब’ अशी नोंदीसोबत देता येणारी मुदत? मुदत संपली की सवड नसली तरी काम रांगेत लागतं, त्यामुळे तो सगळीकडे चिकटवू नका. डॉममधले, म्हणजे पेजवरच्या घटकांच्या रचनेतले बदलही इथे नकोत, ते पुढचं चित्र रंगवण्याआधी चालणाऱ्या रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेममध्ये.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हा खुलासा.