‘वनस्पतीच आहे, अपाय कसला?’ या संदेशाचा प्रतिवाद

स्तनाच्या कर्करोगासाठी माझ्या मावशीची केमोथेरपी सुरू असताना नात्यातल्याच एकाने तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पाठवला. हळद-मिऱ्याची कॅप्सूल, गुळवेलीचा काढा, सदाफुलीची पाने आणि आले केमोबरोबर घेतल्यास औषधाचा गुण वाढतो व त्रास घटतो, वनस्पतींपासून अपाय होत नाही आणि म्हणून डॉक्टरांना सांगण्याचीही गरज नाही, असे त्यात ठासून म्हटले आहे. मावशीने कॅप्सूल मागवलीसुद्धा, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सदाफुलीचा दाखला तर संदेशाच्याच विरोधात जातो. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचे औषध तिच्यापासूनच मिळते. ते शुद्ध करून, काटेकोर मोजून शिरेतून दिले जाते आणि तरीही त्याने हातापायांच्या नसांना इजा होते. घरी चावलेल्या पानांतून काय आणि किती पोटात गेले, हे कोण सांगणार?

आल्याबाबत मात्र थोडे मान्य करावे लागते. अमेरिकेत ५७६ रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज अर्धा ते एक ग्रॅम आल्याने केमोच्या पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. पण त्या सर्वांना उलटीवरची नेहमीची औषधेही चालू होती.

मिऱ्यामुळे हळदीचे शोषण वीसपट वाढते, हा संदेशातला दावाही निराधार नाही. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी निरोगी माणसांना हळदीतील मुख्य घटक असलेल्या २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील २० मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा शरीराला मिळणारे कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढले. संदेश येथेच थांबतो, आणि धोका येथूनच सुरू होतो. बाहेरून आलेली रसायने मोडून टाकणारी आतड्यातली व यकृतातली यंत्रणा पायपरीन मंदावते, आणि प्रयोगशाळेतील अभ्यासांनुसार त्यात सीवायपी३ए४ हे एन्झाइमही येते. डोसेटॅक्सेल हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध मोडण्याचे काम याच एन्झाइमकडे असते. ते मंदावले तर औषध रक्तात अधिक काळ राहून पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. उलट २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मानवी स्तनकर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांच्या आहारात कर्क्युमिन घातल्यावर सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा परिणाम घटला. आमटीतल्या चिमूटभर हळदीला कोणाची हरकत नाही. प्रश्न ग्रॅमच्या मात्रेत घेतलेल्या अर्काचा आहे.

सर्वांत घातक वाक्य डॉक्टरांपासून लपवण्याचे आहे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांची नोंद भारतातील १३ केंद्रांतून २०२२ साली प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने गुळवेलीचा असा संबंध अमान्य केला आहे, पण केमो घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही. अशा रुग्णाचे यकृताचे अहवाल बिघडले आणि काढ्याची गोष्ट डॉक्टरांना ठाऊकच नसली, तर संशय केमोवर जातो, तिची मात्रा कमी केली जाते किंवा पुढची सायकल लांबवली जाते, आणि काढा मात्र घरी चालूच राहतो.