खुलासा: सेल्फ-सफिशियन्सी योजनेत नाव घातल्याने घर जात नाही
अमेरिकेत सरकारी मदतीच्या घरांत राहणाऱ्यांमध्ये एक समज पसरला आहे: ‘फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी’ या, कुटुंबांना कमाई वाढवून स्वावलंबी व्हायला मदत करणाऱ्या योजनेत नाव घातलं आणि तिच्यातला करार पाळता आला नाही, तर घरही जातं. हे चूक आहे. १९९० च्या कायद्याने आलेल्या या योजनेतला सहभाग ऐच्छिक आहे आणि करार अपुरा राहिला एवढ्यावरून घराची मदत थांबवता येत नाही. या भीतीपायी किती कुटुंबांचं नुकसान होतं!

अशा घरांत कमाई वाढली की भाडं वाढतं, हे खरं. पण साधारण त्या वाढीइतकी रक्कम कुटुंबासाठी वेगळ्या खात्यात साठत जाते. करार बहुधा ५ वर्षांचा; तो पूर्ण केला की पैसे कुटुंबाला मिळतात. मधेच सोडला तर सहसा हीच रक्कम गमवावी लागते, छप्पर नाही.