वाळवलेल्या बियांचं जंगल होत नाही

मृग तोंडावर आला की तो मेसेज येतोच. यंदा भावकीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला आणि मुलांच्या शाळेच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: आंबा, फणस, जांभूळ, सीताफळ, चिकू खाल्ल्यावर बिया कचऱ्यात टाकू नका. धुवा, वाळवा, कागदात गुंडाळून गाडीत ठेवा. पावसाळ्यात प्रवासाला निघालात की रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत फेका. पक्षी तरी दुसरं काय करतात? थायलंड-मलेशियात लोक वर्षानुवर्षं हेच करतात, म्हणून तिथे फळझाडांची रेलचेल आहे. प्रत्येकानं दहा बिया टाकल्या तर कोट्यवधी झाडं उभी राहतील.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, उजाड झालेल्या जमिनीवर पुन्हा रानझाडं आणायची म्हणून बिया गोळा करणाऱ्या बायकांच्या गटाची मी प्रमुख आहे. वर्षाचे आठ महिने आमचे हात बियांत असतात. मेसेज पाठवणाऱ्यांना झाडांची कळकळ आहे, हे मला दिसतं. म्हणूनच नुसतं 'चूक आहे' म्हणून गप्प न बसता एकेक वाक्य घेऊन सांगते.

'धुवा' हे बरोबर आहे. गर राहिला की बुरशी धरते, मुंग्या लागतात. पण त्याच्या पुढचाच शब्द, 'वाळवा', हा जांभूळ-फणसाच्या बीचा जीव घेतो. हे मी कुठे वाचून सांगत नाही. पहिल्या वर्षी आम्हीच जांभळाच्या दोन पोती बिया धुऊन अंगणात ताडपत्रीवर कडक उन्हात टाकल्या होत्या. चांगल्या खडखडीत झाल्या, आम्हाला वाटलं काम फत्ते. पंधरवड्यानं पिशव्यांत लावल्या. महिना झाला, दीड महिना झाला, एक कोंब वर येईना. शेवटी गटातल्या थोरल्या आक्कांनी एक बी उकरून काढली, दगडानं फोडली आणि तळहातावर धरली. आत हिरवेपणा उरलाच नव्हता, सगळं तपकिरी. "मेली की गं ही. जांभूळ ओलंच लावायचं असतंय," त्या म्हणाल्या. त्यांना हे ठाऊक होतं, मी विचारलं नव्हतं. दोन पोत्यांची मजुरी बायकांना मिळाली, पण त्या वर्षी त्या जमिनीवर एक जांभूळ लागलं नाही. ही चूक माझी.

बियांच्या मुळात दोन जाती आहेत. काही बिया वाळल्यावर झोपी जातात आणि पाणी मिळालं की जाग्या होतात. खैर, शिरीष, बहावा, बेहडा यांतल्या. काही बियांना झोपच माहीत नाही. झाडावरून पडल्या की त्यांना लगेच उगवायचं असतं आणि आतली ओल गेली की त्या मरतात. जांभूळ, फणस, आंबा, कोकम या त्यांतल्या. ई. एच. रॉबर्ट्स या इंग्रज बीज-शास्त्रज्ञानं 1973 मध्ये या दोन गटांना वेगवेगळी नावं दिली. आमच्या गटात आम्ही त्यांना 'सुकी बी' आणि 'ओली बी' म्हणतो आणि गोळा करतानाच दोघींची पोती वेगळी ठेवतो. ओली बी त्याच आठवड्यात मातीत गेली पाहिजे. मेसेजात ज्या फळांची नावं आहेत, त्यांतल्या पहिल्या तिन्ही बिया ओल्या आहेत. उन्हाळ्यात वाळवून महिनाभर तापलेल्या गाडीत ठेवलेल्या या बिया रस्त्याकडेला पडतात त्या मेलेल्याच.

सुक्या बीलाही नुसतं फेकून चालत नाही. बहाव्याच्या बीचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. आम्ही एका कडेला घासून मग भिजत घालतो. न घासता टाकली तर ती एक-दोन पावसाळे तशीच पडून राहू शकते. आणि किंजळाची गोष्ट तर ज्यानं केली त्यालाच कळेल. मार्चच्या सुमारास किंजळाची पंखवाली फळं पोतंभर गोळा होतात, डोळे सुखावतात, पण कापून बघा. बहुतेक पोकळ. म्हणून प्रत्येक झाडाखालची थोडी फळं आधी कापून बघायची आणि आत भरीव दाणा किती निघतो त्यावर किती गोळा करायची ते ठरवायचं, हा आमचा नेम.

आता 'फळं खाल्ल्यावर उरलेल्या बिया'. मेसेजातल्या यादीत सीताफळ आणि चिकू आहेत. काही ठिकाणी पपई आणि पेरूही जोडलेले असतात. ही चारही झाडं मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. आपल्या खानापूरच्या डोंगरउतारावर भरघोस येणारा काजूसुद्धा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. परसात चिकू हवा, बागेत काजू हवा, कितीतरी घरं त्यावर चालतात. पण रान पुन्हा उभं करायचं असेल तर तिथे ऐन, किंजळ, नाणा, बिबळा, हिरडा, बेहडा, कुंभा, शिवण, धामण, अंजनी यांची बी लागते. ही बी बाजारातल्या फळात नसते. ताटात उरणाऱ्या बियांतून बाग होईल, रान होणार नाही.

ही बी कशी मिळते तेही सांगते, कारण मेसेज वाचून वाटतं की बी म्हणजे आपोआप हाताला लागणारी वस्तू. बेहडा थंडीत पडतो, खैराच्या शेंगा साधारण त्याच सुमाराला तयार होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन, किंजळ, नाणा. सावरीची बोंडं फुटायच्या आत काढावी लागतात, नाहीतर कापूस बीसकट वाऱ्यावर जातो. उन्हाळ्याच्या शेवटाला शिवण, कोकम, मग जांभूळ आणि कुंभा, आणि तोवर पाऊस सुरू. बिब्ब्याला हात लावायच्या आधी खोबरेल चोळायचं, नाहीतर तेल उडून कातडी भाजते. खाजकुयलीच्या वेलाखालून जाताना डोक्याला पदर घट्ट. पहाटे जायचं नाही, कारण आमच्या भागात अस्वलं आहेत. आठ-दहा जणींनी मिळून, बोलत बोलत जायचं. मी सगळ्यांत पुढे नसते, सगळ्यांत मागे असते. मागे कोणी राहू नये म्हणून.

आणि सगळं ओरबाडायचं नाही. त्या दिवशी झाडावर आणि झाडाखाली जेवढी पिकली बी असेल, तिचा पाचवा हिस्सा, त्याहून जास्त नाही. हा दंडक जगभरचे बी गोळा करणारे पाळतात. बाकीची बी त्या झाडाची, खारीची, भेकराची. शिवाय एकाच डेरेदार झाडाची बी भरून न्यायची नाही. एकमेकांपासून लांब असलेल्या निदान तीस झाडांची थोडी थोडी घ्यायची, म्हणजे पुढच्या पिढीत सगळी भावंडंच एका जागी वाढत नाहीत. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: झाड कोणतं, जागा कोणती, तारीख, किती झाडांची. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं, त्याच्या हद्दीतून आम्ही शेंगसुद्धा उचलत नाही. गायरान, शेताचे बांध आणि देवराई, तेही गावाला आणि वहिवाटदाराला विचारून.

जागा कोणती हे चिठ्ठीवर का लिहायचं, त्याचं उत्तर आपल्या मलप्रभेत आहे. ती कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते. नदी एक, जिल्हा एक, पण कणकुंबीत पावसाळा म्हणजे चार महिने अंधार आणि सौंदत्ती-रामदुर्गकडे वर्षाला पाऊस जेमतेम 500-600 मिलिमीटर. बेळगावहून यल्लम्माला जाताना खिडकीतून बघा, रान कसं बदलत जातं ते. पश्चिमेची बी पूर्वेला टाकून उपयोग नाही, पूर्वेची पश्चिमेला टाकूनही नाही. गाडीतून जाता जाता बी टाकणाऱ्याला हे कळायला मार्गच नसतो.

तिसरं वाक्य, 'मोकळ्या जागेत फेका', हे मला सगळ्यांत जास्त खुपतं.

मोकळी म्हणजे कुठली? चोर्ला घाटाच्या बाजूचे जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळपठारं, उन्हाळ्यात काळेठिक्कर, रिकामे दिसतात. पाऊस पडला की त्याच दगडावर बोटभर उंचीची फुलं उमलतात, किडे खाणाऱ्या वनस्पती येतात, डबक्यांत बेडकांची पिल्लं होतात. तिथे झाड हवंच नाही. पूर्वेकडचे गवताळ माळ तसेच. तिथे मेंढपाळाची मेंढरं चरतात, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. माळाला रिकामा समजण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. पडीक जमीन हिरवी करायची म्हणून निलगिरी आणि आकेशिया लावले. त्यांच्याखाली गवत येईना आणि गुरांना चारा मिळेना. शेवटी 2017 मध्ये कर्नाटक सरकारला निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घालावी लागली.

आणि रस्त्याची कड? बेळगाव-खानापूर-गोवा रस्ता रुंद करताना जुनी झाडं कशी गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आज तिथे फेकलेली बी उगवलीच, तरी ती उद्याच्या रुंदीकरणाच्या पट्ट्यात, गटाराच्या चरात किंवा विजेच्या तारांखाली उगवणार.

'पक्षी हेच करतात.' नाही. धनेश उंबर किंवा रानफळ खातो, गर त्याच्या पोटात निघून जातो आणि काही तासांतच स्वच्छ, ओली बी त्याच रानात सावलीला पडते. उदमांजर आणि वटवाघूळही तसंच करतात. ते बी वाळवत नाहीत, साठवत नाहीत आणि शंभर किलोमीटरवर नेऊन टाकत नाहीत. जिथे हे प्राणी टिकून आहेत तिथे आम्ही मुद्दाम लागवड करत नाही, आग आणि चराई थांबवली की रान आपलं आपण भरतं.

थायलंडचा दाखला मेसेजात खात्याच्या नावाशिवाय आणि सालाशिवाय येतो. तिथलं जे काम जगात नावाजलं आहे ते याच्या बरोबर उलट आहे. चियांग माई विद्यापीठाचं वन-पुनर्स्थापना संशोधन केंद्र 1994 पासून त्यात आहे. ते आधी रोपवाटिकेत पारखून तिथलीच वीस ते तीस जातींची झाडं निवडतात. भराभर वाढून गवतावर सावली धरणारी आणि लवकर फळं देऊन पक्ष्यांना बोलावणारी. पाऊस लागताच रोपं लावतात आणि पुढे दोन पावसाळे त्यांच्याभोवतीचं तण काढतात, खत घालतात. पुढची झाडं मग तेच पक्षी आणतात. ही पद्धत कोणाला ग्रुपवर फिरवायची असेल तर जरूर फिरवा.

राहिला हिशेब, दहा बिया गुणिले इतकी माणसं. जांभळाखाली आषाढात बघा, पाय ठेवायला जागा नसते इतकी रोपं उगवलेली असतात. एका बीतून दोन-तीन कोंब येतात. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी रोप शोधावं लागतं. रानाला बियांचा तुटवडा कधी नव्हता. पहिले दोन-तीन उन्हाळे शेळीच्या तोंडून, वणव्यातून आणि रानमोडी या तणाच्या जाळीतून रोप वाचवायला माणूस नसतो. आमचा निम्म्याहून जास्त वेळ बी गोळा करण्यात जात नाही, आळी करण्यात आणि तण काढण्यात जातो. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीवर वड आहे. 1831 मध्ये त्यांना फाशी दिल्यावर त्यांच्या साथीदारानं तो लावला असं सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याला जपलं, म्हणून आज त्याच्या सावलीत बसता येतं.

माहेरच्या ग्रुपवर हे सगळं लिहिल्यावर धाकट्या काकूंनी विचारलं, "मग आता टोपलीत जांभळाच्या बिया आहेत, त्यांचं काय करू?" त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. आजच धुवा, उन्हात ठेवू नका. तळाला भोक असलेल्या दुधाच्या पिशवीत माती आणि शेणखत भरा, बी बोटाच्या एका पेराइतकी खोल आडवी ठेवा, सावलीत ठेवून ओल राखा. दोन-चार आठवड्यांत कोंब येतील. दोन-तीन आले तर जोमदार एक ठेवा. पुढच्या मृगापर्यंत रोप हातभर होईल. तोवर जिथे रोज कोणाची तरी नजर पडेल अशी जागा शोधून ठेवा. शेताचा बांध, शाळेचं आवार, विहिरीची कड. काकूंनी रात्रीच फोटो पाठवला, नऊ पिशव्या, ओसरीच्या कडेला रांगेत.