भंगार होतो तो भाग, अख्खा लॅपटॉप नव्हे

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "लॅपटॉप चार वर्षांत भंगार होतो. ४८,००० घालवू नका. सिल्व्हर मॉलमधून १५,००० चा जुना आय-फाइव्ह घ्या, काम तेच होतं." मुलांच्या कॉलेजसाठी आईवडील हे वाचून पैसे टाकताहेत, म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

"चार वर्षांत भंगार." प्रोसेसर इतक्या लवकर म्हातारा होत नाही. २०१७ मध्ये आलेला इंटेलचा आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर आजही विंडोज ११ घेतो. आधी थकते ती बॅटरी. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंग फेऱ्यांनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल, तर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. वापर आणि चार्जिंग तिथेच थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका.

दुसरा शत्रू धूळ. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. लोक म्हणतात, "जुना झाला, हळू चालतो." मागचं झाकण काढा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा करा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रश आणि ब्लोअरने थर काढा. पातं मोकळं सोडलं तर हवेने भन्नाट फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे ठेवा. आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर वरचं प्लास्टिक फुटतं.

"जुना आय-फाइव्ह घ्या, काम तेच." आय-फाइव्ह हे प्रोसेसरचं नुसतं घराणं, पिढी त्यापुढच्या आकड्यात असते. ७२००यू म्हणजे सातवी, ८२५०यू म्हणजे आठवी. एक-दोन अपवाद सोडले तर सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठवी पिढी किंवा पुढचा असेल तर जुना जरूर पाहा, पण दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता ताडून बघा.

"पैसे वाया." ४८,००० चा लॅपटॉप, त्यात पुढे बॅटरी आणि रॅमचे ८,००० धरा. आठ वर्षं चालला तर वर्षाला ७,००० पडले. १५,००० चा जुना दोन वर्षांत बसला तर ७,५००.

हा हिशेब जमतो तो मात्र रॅम वाढवता येत असेल तरच. घेण्याआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. डेल, एचपी, लेनोव्हो ते आपापल्या साइटवर फुकट देतात. निदान एक रॅम स्लॉट आणि बदलता येणारी एम.२ एसएसडी (फायली साठवणारी छोटी पट्टी) हवी. ८ जीबी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आणि स्लॉट एकही नाही, असं मॉडेल असेल तर तो मेसेज त्याच्यापुरता खरा आहे. ते घेऊ नका.