‘थोडे दिवस बंद ठेव’ म्हणणाऱ्यांनो

‘थोडे दिवस बंद ठेव, मन आपोआप लागेल.’ टेबलावर बोलून खेळायच्या खेळात गोष्ट चालवणारा गेम मास्टर थकला की त्याला हा सल्ला हमखास मिळतो, आणि देणारा बहुतेक वेळा मास्टरच्या पडद्यामागे कधीच बसलेला नसतो. आमच्या टेबलाला तर दरवर्षी सक्तीची सुट्टी असते. धानाचा रोवणा लागला की अर्धे गडी बांधीत आणि फासे डब्यात. नुसत्या विश्रांतीने भागत असतं तर गडचिरोली जिल्ह्यातले आमचे वडसा-आरमोरीकडचे मास्टर जगात सगळ्यात ताजेतवाने असते! मागच्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा बसलो, तो जुना कंटाळा जसाच्या तसा सोबत घेऊन.

ज्यांना हे काय चाललंय ते कळलं नाही त्यांच्यासाठी: हा टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा खेळ. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, त्याचा साचा अजून चालू आहे. प्रत्येक जण एकेक पात्र धरतो आणि एक जण मास्टर होऊन उरलेलं सगळं जग सांभाळतो. राक्षस तोच, राजाही तोच, पुलावरचा टोलवालाही तोच. अडलं की वीस बाजूंचा फासा निकाल देतो. महागडी पुस्तकं लागतातच असं नाही. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहे. आमचं सगळं झेरॉक्सवर चालतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटच्या, म्हणजे कामाने पार थकून जाण्याच्या, तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ते वर्णन नोकरी-धंद्यापुरतंच आहे, खेळाला लावू नका असंच ते सांगतात. मान्य. पण मला दुसरी खूण आधी दिसली. ग्रुपवर ‘नाई जमत गा आज, पंपाची लाइन रातची आहे’ असा मेसेज पडला की वाईट वाटायच्या ऐवजी हायसं वाटायचं. ज्या संध्याकाळची आठवडाभर वाट पाहायची, ती रद्द व्हावी म्हणून मनात नवस.

माझं मत असं की मास्टर खेळून थकत नाही. तो खेळाच्या आजूबाजूच्या कामांनी थकतो, आणि ती कामं कोणाला दिसतच नाहीत. तारीख जुळवा. कोणाला ओलित, कोणाला तेरवी. रस्त्यात वाघाची खबर असली की दोघं अंधाराच्या आत निघणार, म्हणजे सेशन अर्धवट. इंग्रजी नियम वाचून झाडीबोलीत समजवा. गोष्ट लिहा, नकाशे काढा, आणि शेवटी चहा-पोहेही तुमच्याच घरचे. आपल्याकडे नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर लागतो. गावात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की मंडळ ठरवतं, कंपनी वडशाहून येते, लेखक वेगळा, पेटीवाला वेगळा, कलाकार अडला तर मागून प्रॉम्प्टर. झाडीपट्टी रंगभूमी अशी रात्रभर उभी राहते ती कामं वाटलेली असतात म्हणून. त्यातला व्हिलनच मंडप ठोकतोय आणि तिकिटंही फाडतोय असं दिसलं, तर लोक त्याला ‘ब्रेक घे’ म्हणतील की हसतील?

त्यात पोट्टे यूट्यूबवर ‘क्रिटिकल रोल’ हा असाच खेळ खेळून दाखवणारा कार्यक्रम पाहून येतात. ‘भाऊ, तुमच्या बुढीचा आन् राजाचा आवाज एकच कसा?’ अबे, ते व्यावसायिक व्हॉइस अ‍ॅक्टर आहेत, पोट त्याच्यावर आहे त्यांचं! मला सकाळी कृषी केंद्र उघडायचं असतं.

तर मी खेळ बंद केला नाही, कामं सोडली. पहिली सोडली ती तारीख. बेन रॉबिन्स या गेम डिझायनरने ‘वेस्ट मार्चेस’ नावाची मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, चालवली होती. त्यात ठराविक गटच नव्हता. कधी बसायचं आणि नकाशात कुठे जायचं हे खेळाडूच आपसात ठरवून मास्टरला कळवायचे. आमच्यासारख्या शेतीवाल्यांसाठी ही रीत शोधून सापडणार नाही इतकी सोयीची आहे. ज्यांना रातची लाइन नाही ते येतात, कथा कोणासाठी अडत नाही. आणि जंगलात जायचं ठरलं असेल तर मला राजवाड्याची तयारी करावी लागत नाही. तयारी आता अर्ध्या पानावर मावते.

पण खरा फरक पडला तो ‘फियास्को’ने. हा 2009 चा खेळ, यात मास्टरच नाही. तीन ते पाच जण, मूठभर फासे, एक बैठक, पूर्वतयारी शून्य. अवाजवी हाव असलेली, डोकं कमी चालवणारी माणसं मिळून एक काम हाती घेतात आणि वाट लावतात, एवढंच. आम्ही तो थेट गावच्या पतसंस्थेच्या निवडणुकीत नेऊन बसवला. माझ्या टेबलावर एरवी ‘मी तलवार मारतो’च्या पुढे न बोलणारा एक गडी त्या रात्री असा बिलंदर सेक्रेटरी झाला, की आम्ही आमचे डाव विसरून त्यालाच ऐकत बसलो. खोट्या सभेचं इतिवृत्त तो तोंडपाठ असल्यासारखं वाचत होता. मी पहिल्यांदाच पुढे काय होणार हे माहीत नसताना बसलो होतो, आणि घरी जायची घाई नव्हती.

मग मास्टरकीही आम्ही फिरती केली. यावर एका जुन्या खेळाडूचा आक्षेप आहे. ‘मास्टर बदलत राहिला तर दुनिया पातळ होते,’ असं तो म्हणतो. काही अंशी खरं आहे. त्या बिलंदर सेक्रेटरीने आता आमच्या मोहिमेची मास्टरकी घेतली, आणि मी जपून वाढवलेला म्हातारा जादूगार पहिल्याच सेशनला वैनगंगेत बुडवला. मला लागलं ते. तरी शनिवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो होतो, त्या जादूगाराचा खून कोणी केला ते शोधायला.

मंडईचे दिवस आहेत, नाटकं संपेपर्यंत आमचं बसणं अनियमितच राहील. वडसा-आरमोरी-ब्रह्मपुरीकडच्या कोणाला यायचं असेल तर कळवा. फासे नसले तरी चालतील, मोबाइलवर टाकता येतात. पोहे मात्र आता ज्याचा नंबर असेल त्यानेच आणायचे, तर्रीसकट.